वर फाईव्ह जी लिहिलं होतं

फोनच्या पडद्यावर रंजिताचं तोंड अर्धं उघडं राहिलं आणि तसंच राहिलं. एक हात गळ्याशी, कपाळावर केसांची बट, डोळे गोपाळरावांच्या खांद्यामागं कुठंतरी लागलेले. आत्ताच तिनं विचारलं होतं, "बाबा, डिलिव्हरीले मी तिकडंच येऊ का?" शब्द न शब्द स्वच्छ ऐकू आला होता. चेन्नईहून निघालेला प्रश्न पवनीतल्या या हातमागाच्या खोलीत, दुपारी साडेतीनला, येऊन पोचला होता, आणि पोचल्याबरोबर विचारणारी अशी थिजली. तोंड उघडं आहे म्हणजे पोरीला अजून काही म्हणायचं आहे, असं समजून गोपाळराव थांबले. थांबले म्हणजे अगदी खरंच थांबले. हा माणूस थांबायला बसला की खोकलासुद्धा आवरून धरतो. 'ये' हा शब्द जिभेवर आला होता, तो त्यांनी तिथंच ठेवला. मग चित्र एकदम हललं आणि रंजिता भलतीकडेच निघून गेलेली दिसली. मान वळलेली, आवाज बारीक झालेला. "...नाही, म्हणजे राहू द्या बाबा. तुमाले उगाच तरास. इथं बाई भेटते कामाले. बरं, ठेवू मग." आणि ठेवलाच. कोपऱ्यात बारीक अक्षरांत फाईव्ह जी लिहिलेलं होतं, ते मात्र जागचं हललं नव्हतं.

आता दुसरा कोणी असता तर त्यानं फोन आपटला असता, कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या आणि पुन्हा लावला असता. पण गोपाळरावांचा त्या अक्षरांवर भरोसा बसला होता. पंधरा दिवसांपूर्वी बसस्टँडजवळच्या मोबाईलवाल्या कुंदननं नवा फोन त्यांच्या हातात दिला तेव्हा छातीठोक सांगितलं होतं, "काका, आता पाहा. पोरगी समोर बसल्यावानी दिसन." जुन्या फोनमध्ये रंजिताचे नुसते चौकोन चौकोन दिसायचे, आवाज विहिरीतून यायचा. तेव्हा गोपाळराव यंत्राला शिव्या घालायचे आणि तेवढ्यावर भागायचं. आता ती सोय राहिली नव्हती. वर फाईव्ह जी लिहिलेलं, म्हणजे यंत्रात खोट नाही. यंत्रात नाही म्हणजे माणसात आहे. पोरीनं आपणच विचारलं, आपणच मन बदललं आणि आपणच राहू द्या म्हटलं. बापाच्या तोंडाकडे नीट पाहिलं असेल तिनं, इतक्या लख्ख चित्रात, आणि तिला वाटलं असेल, या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन करायचं काय! पुढचे दोन दिवस त्यांनी हेच चघळलं. माग चालू होता, हात चालू होते, पण मन त्या अर्ध्या उघड्या तोंडाशी जाऊन बसायचं. रुसायचं तरी कोणावर? सातव्या महिन्यातल्या पोरीवर? बाप्पा रे, असा कसा बाप आपण, असंही मग वाटायचं, आणि तरी आतून दुखायचं ते दुखायचंच.

तसं पाहिलं तर फोनवर बोलणं हे या घरात त्यांचं काम कधी नव्हतंच. ते त्यांच्या बायकोचं, विजयमालाचं काम. रंजिता नागपूरला शिकायला होती तेव्हा बटणांचा एक एवढासा फोन होता, आणि तो विजयमालाच्या पदराच्या गाठीत असायचा. त्याच्यावर टू जी की काय ते होतं म्हणे, पण तेव्हा कोणाला ठाऊक! आवाज असा यायचा की पलीकडे हॉस्टेलच्या मेसमध्ये ताटं आपटलेली इथं ऐकू यायची. विजयमाला चुलीपुढं उकिडवी बसून अर्धा अर्धा तास बोलायची आणि मधूनच मागाकडे तोंड करून ओरडायची, "तिले म्हणू काय काही?" गोपाळराव म्हणायचे, "जेवली काय, विचार." मग विजयमाला फोनमध्ये, "तुहे बाबा विचारून राहिले, जेवली काय." मग मागाकडे, "जेवली म्हणते." बापलेकीचा संवाद तो एवढा, आणि तेवढ्यात दोघांचं पोट भरायचं. पुढं थ्री जी आलं, तेव्हा रंजिताला नोकरी लागली. फोर जी आलं, आणि भूपेंद्र आला, साधा पोरगा, गाड्यांच्या कारखान्यात कामाला. लग्न झालं, दोघं चेन्नईला गेली. दरवेळी आकडा एकानं वाढला आणि पोरगी आणखी लांब गेली, पण मधे विजयमाला होती तोवर हे अंतर गोपाळरावांना कधी चालून जावं लागलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली. चार दिवसांच्या तापानं गेली, कोणाला काही सांगायला सवडच मिळाली नाही. तेराव्यानंतर रंजिताचा पहिला फोन आला तेव्हा "हॅलो" झाल्यावर दोघंही गप्प बसले. 'विचार' म्हणायला मधे कोणी नव्हतं.

आणि तरीही असं नव्हतं की बापलेक एकमेकांजवळ कधी बसलेच नाहीत. बसले. रंजिता शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि मागावर डाव्या बाजूला येऊन टेकायची. करवती काठाचं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, लुगडं एकट्यानं विणता येत नाही. आडवं सूत नेणारा मधल्या अंगाचा धोटा वेगळा आणि काठाचा वेगळा, आणि दोन्ही सूत जिथं एकमेकांत अडकतात तिथंच करवतीचे दात उमटतात. म्हणून बाजूला दुसरं माणूस लागतं. काठाचा धोटा त्यानं द्यायचा, आपण घ्यायचा, आपला त्याच्याकडे टाकायचा. घाई केली की दात मोडला. गोपाळरावांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं आणि त्यांनी रंजिताला: समोरच्याचा धोटा हातात आल्याशिवाय आपला सोडायचा नाही. तो येईपर्यंत गप बसायचं. उशीर झाला तरी बसायचं, ओरडायचं नाही, समोरच्याचा धागा अडला असेल. रंजिता अकरा वर्षांची असताना हे शिकली आणि असं शिकली की मोठी माणसं चुकायची पण ती चुकायची नाही. जिभेचं टोक दातांत धरून बसायची. एक शब्द नाही. खट, मग तिच्याकडून खट. संध्याकाळी उजेड उतरेपर्यंत तसंच. त्या वेळी गोपाळरावांना जे वाटायचं त्याला सुख म्हणतात, हे त्यांच्या ध्यानात फार उशिरा आलं. तोवर ती नागपूरला निघून गेली होती आणि बाजूला शकुनबाई येऊन बसायला लागली होती.

शकुनबाई म्हणजे शेजारच्या घरची, धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणारी, गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणींना न्हाऊ घातलेली. तिला तोंड आवरणं माहीत नव्हतं. "पोरगी कधी येऊन राहिली?" हा प्रश्न ती दिवाळीपासून रोज विचारत होती. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय असतं, असा तिचा सूर. आई नाही तर नाही, मी आहे ना. मालीश मी करीन, धुरी मी देईन, तुम्ही फक्त बाजेची सुतळी ओढून घ्या. गोपाळरावांनी दिवाळीतच सुतळी ओढून घेतली होती. विजयमालाचं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून काढून चिंचेनं घासलं होतं, स्वतः, दार लावून, कोणी पाहू नये म्हणून. मागच्या खोलीत बाज कुठं टाकायची, खिडकीचं वारं कुठून येतं, दुपारी ऊन कुठवर सरकतं, हे सगळं त्यांचं मनात दहादा मांडून झालं होतं. फक्त रंजिताला "ये" म्हणायचं राहिलं होतं. बापानं पोरीला बाळंतपणाचं कसं म्हणावं? ती म्हणेल, असं वाटत होतं. आणि ती म्हणाली, तर हे असं झालं.

"आज शुक्रवार," शकुनबाई कांडी फिरवता फिरवता म्हणाली, "अन् तुमच्याच हिशेबानं बुधवारी तिले आठवा लागते. आठव्यात बाई हलवत नाही जी गोपाळराव. आणाची असन त आताच आणा."

"ती नाही म्हणते," गोपाळराव म्हणाले.

"काहून?"

"तिथं बाई भेटते म्हणे कामाले."

शकुनबाईचा हात थांबला. "बाई भेटते! मायचं काम बाई करते काय? तुमी काय म्हटलं तिले?"

काय म्हटलं? गोपाळरावांनी धोटा हातात घेतला, पाहिला, खाली ठेवला. काहीच म्हटलं नव्हतं. पण म्हणायला वेळ तरी कुठं दिला तिनं, असं पुटपुटत ते उठले. फोन जरा कुंदनला दाखवून येतो म्हणाले. फोनला काही झालेलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण घरात शकुनबाईच्या डोळ्यांसमोर बसवेना.

बसस्टँडवर लाखांदूरची गाडी लागली होती आणि कुंदनच्या दुकानासमोर तिचा धूर कोंदला होता. कुंदन चाळिशीतला, गळ्यात चष्मा लटकवलेला, कोणाच्या तरी फोनचं पोट उघडून बसलेला. गोपाळरावांनी आडून आडून सांगितलं. चित्र थांबते जरा. नाही, जास्त नाही, जरासंच. फाईव्ह जी आहे वर, तरी थांबते. कुंदननं फोन घेतला, त्यात काहीतरी दाबलं आणि वेग मोजणारी एक गोल तबकडी आली. काटा झरकन वर चढला, गोपाळरावांना उगीच आनंद झाला, आणि मग तो काटा असा खाली आला की कुंदनच हसला. "सव्वा," तो म्हणाला. "घ्या. सव्वा एमबीपीएस. याच्यापेक्षा माह्या जुन्या फोर जीले जास्त भेटते."

"पण वर त लिहिलेलं आहे."

"वर लिहिलेलं टावरचं नाव आहे काका. टावरवर नवा डबा बसवला, फोननं त्याले पाहिलं, की लिहून मोकळा. मागून लाईन किती येते, त्या टावरले आख्खी पवनी लटकली आहे काय, हे कोण लिहीन? नाव एक अन् चाल एक."

गोपाळराव पाहत राहिले. नाव एक आणि चाल एक, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. शुद्ध कोसा म्हणून चिकटवलेल्या चिठ्ठीखाली काय काय विकलं जातं, ते त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं. ते स्वतः चिठ्ठी कधी वाचत नसत, धागा जाळून वास घेत. आणि फोनच्या बाबतीत मात्र दोन अक्षरं वाचली आणि भाबड्यासारखा विश्वास टाकला! त्यांना स्वतःचा राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं. त्यांनी काउंटरला हात टेकला.

"कुंदन, चित्र थांबते तेव्हा तिकडं काय दिसते?"

"तिकडं? तिकडं तुमीबी थांबलेलेच दिसान. नाही त मग तुमी दिसता बरोबर, पण तिचं तुमाले मागून पोचते. चार सेकंद, आठ सेकंद, काही नेम नाही. म्हणून त म्हणतो, याच्यावर थांबाचं नसते काका. बोलत राहाचं. जेवढं पोचन तेवढं पोचन. अन् मोठं काही बोलाचं असन त साधा फोन लावा, चेहरा कायले पाहिजे?"

घरी येताना गोपाळराव परकोटाच्या बाजूनं आले, लांबच्या रस्त्यानं. पौषातलं ऊन पाठीला बरं वाटत होतं, पण त्यांना त्याचं सुख लागत नव्हतं. ते आता त्या दुपारी स्वतःच्या बाजूला बसलेले नव्हते, पोरीच्या बाजूला जाऊन बसले होते. चेन्नईतली ती खोली त्यांनी कधी पाहिली नव्हती, तरी तिथं पलंगाच्या कडेवर रंजिता बसलेली दिसली, पोटावर एक हात. तीन महिने मनात धरलेलं तिनं विचारून टाकलंय. येऊ का. आणि समोर बापाचा चेहरा. लख्ख. ओठ मिटलेले, भुवया जरा वर, नजर तिच्यावर. बाप ऐकतोय आणि काही म्हणत नाही. तिनं दुसरं काही विचारलं नसणार, ओरडली नसणार, हॅलो हॅलो केलं नसणार. भूपेंद्रनं केलं असतं, कोणीही केलं असतं. पण रंजिता मागावर वाढलेली. ती थांबली असणार. तिकडून येईपर्यंत गप बसायचं, हे तिच्या हाडात यांनीच घातलं होतं. आणि किती थांबणार माणूस? शेवटी तिनंच बापाच्या वतीनं उत्तर देऊन टाकलं, बापाला नाही म्हणायचं जड जाऊ नये म्हणून. राहू द्या बाबा. गोपाळराव रस्त्यातच उभे राहिले. मग त्यांना मागचे सगळे फोन आठवले, तीन वर्षांतले. प्रत्येक फोनमध्ये, यंत्राला शिव्या घालून झाल्यावर, तो एक खड्डा, दोघंही काठावर बसून दुसऱ्याची वाट पाहणारे, आणि मग "बरं, ठेवू?" आपल्याशी बोलायला पोरीजवळ काही उरलं नाही, असं ते समजत आले होते. तीही तेच समजत आली असेल. तीन वर्षं! विजयमाला असती तर दोघांच्या टाळक्यात एकेक टपली मारून म्हणाली असती, बोला ना बे.

शकुनबाई घरी गेली होती. गोपाळराव मागाच्या खोलीत शिरले, नेहमीसारखे टेकले नाहीत, उभ्यानंच फोन काढला. चित्राचं बटण टाळून साधा फोन लावला. कोपऱ्यातलं फाईव्ह जी गेलं, त्या जागी फोर जी आलं, घंटी वाजली. आवाज आला तो एवढा जवळून आला की ते दचकले.

"बाबा? काय झालं? बरे आहे ना तुमी?"

"बरा आहे. तू ऐक. मधात थांबू नको अन् मीबी थांबत नाही. त्या दिवशी मी नाही नोहतं म्हटलं. तुहं तोंड उघडं राहिलं होतं फोनमधी, मले वाटलं तुहं बोलणं बाकी आहे, म्हणून मी चूप बसलो. मी रागावलो नोहतो. आपल्या घरी येऊ का म्हणून विचारते काय कोणी, पगली? ये. बाज ओढून ठेवली आहे. घंगाळ घासलं आहे. शकुनबाई रोज डोकं खाते माह्यं. मले बाळंतपणातलं काही समजत नाही रंजू, पण तू ये. मले तुही लई आठवण येते."

शेवटचं वाक्य कुठून आलं त्यांना कळलं नाही. आयुष्यात ते त्यांनी कोणाला म्हटलं नव्हतं, विजयमालालाही नाही.

"मी अकरा मोजले बाबा," रंजिता म्हणाली. आवाज जाड झालेला. "मनातल्या मनात. अकरापर्यंत तुमी काहीच नाही म्हटलं. मले वाटलं, आई नाही त आता कोण करन, तुमाले जड जाऊन राहिलं."

"जड कायचं!"

"पण आता नाही येता येत बाबा. आठवा लागला. मंगळवारीच."

"मंगळवारी? बुधवारी लागते. येत्या बुधवारी."

"तुमी पंचांगानं मोजता. इथं डॉक्टर आठवड्यानं मोजते. तुमाले विचारलं तेव्हाच एक दिवस झाला होता लागून, अन् डॉक्टर म्हणत होती, आत्ता निघाली त जा, नंतर नाही. काल गेली त म्हणे, आता गाडीत बसाचं नाही."

गोपाळरावांनी मान वर केली. समोर मागावर लुगडं अर्धं झालेलं होतं, मागच्या खोलीत बाज रिकामी होती. तिकडं उन्हाची पट्टी बाजेच्या पायापर्यंत आली होती, त्यांनी मांडलं होतं अगदी तिथंच.

"मग मी येतो," ते म्हणाले.

"तुमी?"

"हो. मी."

नागपूरच्या पुढं ते जन्मात गेले नव्हते. आणि त्यांच्या घरात रीत अशी, की नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत पोरीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. त्यांच्या वडिलांनी पाळली, आजोबांनी पाळली. लग्नाला चार वर्षं झाली, भूपेंद्रनं किती वेळा बोलावलं, पण त्या रीतीपायी त्यांनी चेन्नईचं नाव काढलं नव्हतं.

"तुमी इथं पाणी नाही पिणार बाबा," रंजिता म्हणाली.

"पिईन."

"अन् येऊन काय करान?"

"पाणी तापवीन. चहा करीन. शकुनबाईले विचारून सगळं लिहून आणतो, लाडू कसे बांधाचे, धुरी कशी द्याची. तू झोपली त दाराशी बसून राहीन. जे येते ते करीन, येत नाही ते शिकीन. अजून हात चालतात माहे."

पलीकडं रंजिता रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, तोंड न मिटता, मोठ्यानं. गोपाळराव नुसतं "हो... हो..." म्हणत राहिले, आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी गळत राहिलं, ते त्यांनी पुसलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं नाक ओढलं.

"इकडं थंडी नाही राहात बाबा," ती म्हणाली. "आईची जाड गोधडी नका आणू. बाकी सगळं आणा."